रिपेरिंग करून आणली आणि गाडी ओढेना, मग कुठून बघायला सुरुवात करायची

गॅरेजला जाताना गाडी बरी ओढत होती आणि काम करून आणल्यावर साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात सेकंडवर रडायला लागली, तर आधी एक गोष्ट पक्की धरा. बिघाड बहुतेक वेळा तिथंच असतो जिथं हात लागलाय. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, पंप गेला, सेन्सर बदला, हे सगळं नंतर. आधी बिल काढा आणि काय काय उघडलं, काय काय बाजूला केलं ते कागदावर लिहा, कारण क्लच टाकायचा म्हटलं तरी बऱ्याच गाड्यांत बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, दोनचार सॉकेट, अर्थिंगची वायर एवढं निघतं आणि बिलात फक्त क्लच प्लेट लिहिलेली असते. म्हणून मिस्त्रींना सरळ विचारा, "दादा, हे करताना अजून काय काय काढायला लागलं?" या एका प्रश्नावर अर्धं काम होतं.

ऑइलचा दिवा लागत असेल, इंजिनातून खडखड येत असेल किंवा काटा गरमवर जात असेल तर पुढचं काहीच करू नका, गाडी बंद करा आणि टो करून न्या.

आता पहिला फरक काढायचा तो असा, की इंजिनच ताकद देत नाहीये का इंजिन देतंय पण चाकापर्यंत पोचत नाहीये. मॅन्युअल गाडी मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये घ्या आणि पाय पूर्ण दाबा. आरपीएम झटकन चढला आणि स्पीड तिथंच राहिला तर क्लच स्लिप होतोय, नवीन प्लेटला ऑइल लागलंय किंवा केबलची सेटिंग ताठ झालीय, इंजिनाला हात लावायची गरज नाही. ब्रेकचं काम झालं असेल तर पाचसहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबा आणि चारी चाकांच्या रिमजवळ नुसता हात न्या (डिस्कला चिकटवू नका, भाजेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ते धरतंय. हँडब्रेक जास्त ओढून सेट केल्यावर हे हमखास होतं आणि लोक उगाच डिझेल पंपाच्या मागे लागतात.

दोन्ही ठीक असेल तर मग इंजिन. इथं एक सोपी खूण आहे जी लय लोक बघत नाहीत. गाडी बाजूला घेऊन बंद करा, मिनिटभराने परत चालू करा. पिकअप थोडा वेळ परत आला आणि नंतर पुन्हा गेला, किंवा गाडी ३००० च्या आसपास आरपीएमला अडल्यासारखी होते, तर बहुतेक ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) स्वतःच ताकद कापलीय, म्हणजे लिम्प मोड, आणि आत बिघाडाचा कोड बहुतेक सापडणार, तो स्कॅनरने वाचता येतो. काहीच फरक पडला नाही, कायम सारखीच मंद, तर टायमिंग, चोक झालेला सायलेन्सर, अडलेला फिल्टर असलं काहीतरी असू शकतं.

मग बॉनेट उघडा. टर्बो डिझेल असेल तर हवेच्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण इथंच सगळ्यात जास्त चुका राहतात. एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत, टर्बोतून इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत प्रत्येक होज पाइप हाताने चाचपत जायचं, इंजिन गार असताना. पाइपाच्या तोंडाशी जो उंचवटा असतो त्याच्या मागे, तोंडापासून लांबच्या बाजूला क्लॅम्प बसायला पाहिजे, नेमका उंचवट्यावर बसवला तर आयडलला सगळं झकास दिसतं आणि पाय दाबला की प्रेशरने पाइप थोडा सरकतो, सूं असा आवाज येतो, मागे काळा धूर आणि गाडी जागेवर. जॉइंटच्या खाली ताजं ओलं तेलकट दिसलं, त्यावर धूळ चिकटलेली, की समजा इथूनच हवा सुटतेय. पाइप परत बसवताना आतलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेलकट पाइप कितीही आवळला तरी निसटतो. आणि एक महत्त्वाचं, पाइप काढल्यावर धूळ जाऊ नये म्हणून उघड्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबतात, तो आत राहिला असल्याची शंका जरी आली तरी गाडी चालू न करता पाइप उघडून बघा.

एअर फिल्टरजवळच्या मास एअर फ्लो सेन्सरचं (आत जाणारी हवा मोजणारा) सॉकेट क्लिक होईपर्यंत दाबा. ते सुटलेलं असलं तरी बऱ्याच गाड्या चालू राहतात, फक्त जीव राहत नाही. व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्याही बघा, टर्बोच्या ॲक्चुएटरची (टर्बोचं प्रेशर कमीजास्त करणारा) किंवा ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) नळी एका धक्क्यात निघते.

डिझेल फिल्टर बदललाय आणि तेव्हापासून धक्के मारते, सकाळी चालू व्हायला वेळ घेते, तर लाइनीत हवा धरलीय. हातपंप असेल तर कडक होईपर्यंत मारा, आणि फिल्टरचं सील नीट बसलंय का बघा. इंजेक्टर काढून घातले असतील तर विचारा की ज्याचा त्याच सिलिंडरला गेला का आणि नवीन टाकला असेल तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरला का. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत हे लागतं.

पेट्रोलला प्लग आणि कॉइलचं काम झालं असेल तर कॉइलचं सॉकेट आणि प्लगचा गॅप बघा, थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर काही गाड्यांना स्कॅनरने रिलर्न (ईसीयूला सेटिंग परत शिकवणं) लागतं. बॅटरी काढली होती म्हणून एकदोन दिवस आयडल वरखाली होणं चालतं, पण घाटात दम न धरणं त्यात बसत नाही.

टायमिंग बेल्ट, चेन किंवा हेडचं काम झालं असेल आणि लगेच मंद झाली तर रेस देऊन बघत बसू नका. एक दात इकडेतिकडे झाला तरी इंजिन चालतं, पण जास्त चुकलं तर बऱ्याच इंजिनांत पिस्टनला व्हॉल्व्ह आपटतो. मार्क परत जुळवायला लावा, शंका राहिली तर कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं), सगळे सिलिंडर जवळपास सारखे यायला पाहिजेत.

स्कॅनर लावणं आता अवघड राहिलेलं नाही, २०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ (बिघाडाचे कोड वाचायची सोय) असतंच, स्टिअरिंगच्या खाली पोर्ट असतो, छोटा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईल पुरतो. पी ०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी, पी ०१०१ म्हणजे हवेच्या सेन्सरचं रीडिंग पटत नाही, पी ००८७ म्हणजे रेलचं प्रेशर कमी, आणि पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम (टायमिंग बेल्ट किंवा चेनने जोडलेले इंजिनातले दोन शाफ्ट) जुळत नाहीत, हा टायमिंगच्या कामानंतर आला तर गाडी चालवणं तिथंच थांबवा. पण पी ०२९९ आला म्हणजे टर्बो बदला असं नाही, सुटलेल्या पाइपानेही तोच कोड येतो.

कोड खोडायच्या आधी फोटो काढा. मग लाइव्ह डेटा, म्हणजे गाडीतले चालू आकडे बघा. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) बघा, सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे त्यामुळे इथं ९३ किलोपास्कलच्या आसपास दिसलं पाहिजे, १०१ नाही. मग लिंब खिंडीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय, मोबाईल शेजारच्याच्या हातात, चालवणाऱ्याने बघायचं नाही. चांगल्या छोट्या टर्बो डिझेलला आकडा २०० च्या आजूबाजूला जातो, तुमचा ११०-१२० वरच घुटमळला तर हवा सुटतेय किंवा टर्बो फिरतच नाहीये. साध्या पेट्रोल गाडीला टर्बो नसतो, तिला कासला, १२०० मीटरच्या आसपास, थोडी ताकद कमी पडणारच, हवाच विरळ, तो बिघाड नव्हे.

हे सगळं लिहून गॅरेजला परत जा. "तुम्ही गाडीची वाट लावली" म्हणून सुरुवात केली की समोरचा अंग काढून घेतो, त्यापेक्षा कोडचा फोटो दाखवा, कोणत्या गिअरला, किती आरपीएमला, गरम की गार ते सांगा, आणि त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा. काढलेले जुने पार्ट ताब्यात घ्या, नवीन महागडा पार्ट सुचवला तर कोणत्या टेस्टवरून ते विचारा. दुरुस्त झाल्यावर त्याच चढाला, तेवढीच माणसं बसवून, त्याच गिअरमध्ये परत रीडिंग घ्या आणि आकडे मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला गाडी चांगली असतानाचे आकडे हाताशी असतील.