दोन बादल्यांत गाडी कशी धुवावी

नळाला पाइप लावून गाडी धुतली की मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज निघून जाते. नवी मुंबईत हे पाणी मोरबे धरणातून आलेले, शुद्ध केलेले पिण्याचे पाणी असते. तेच पाणी साबण, तेल आणि ब्रेकची काळी पूड घेऊन पार्किंगमधून पावसाळी गटारात उतरते आणि पुढे कोणतीही प्रक्रिया न होता ठाण्याच्या खाडीला मिळते. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांमुळे 2015 साली अभयारण्य झालेल्या आणि 2022 साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या या खाडीत आपल्या गाडीचा मळ जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यामुळे पाणी किती वापरले याच्याइतकेच ते शेवटी कुठे ओतले यालाही महत्त्व आहे.

दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या, बागेत वापरतात तो हाताने हवा भरायचा दोन लिटरचा फवारणी पंप, सात-आठ मायक्रोफायबर फडकी आणि नंतर पाण्याने धुवावा न लागणारा, म्हणजे रिन्सलेस प्रकारचा शाम्पू एवढे साहित्य पुरते. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, कारण त्याने रंगावरचे मेण निघून जाते. गाडी सावलीत आणि बोनेट थंड असतानाच कामाला लागावे.

यानंतरचा टप्पा मात्र घाईने उरकण्याजोगा नाही. कमी पाण्यात गाडी धुणे म्हणजे ओल्या फडक्याने धूळ पुसणे, असा समज सर्रास आढळतो आणि त्याच समजापायी चांगल्या गाड्यांच्या रंगाची वाट लागते. आपल्याकडची धूळ मऊ नसते. तिच्यात बांधकामाचे सिमेंट असते, ठाणे-बेलापूर रस्त्यावर अवजड वाहनांखाली भरडलेल्या खडीचे टोकदार कण असतात, आणि फडक्याखाली सापडलेला असा एक कण बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा काढत जातो. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहावे; कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या, तर ती गाडी बहुधा रोज एकाच बादलीतल्या, एकाच फडक्याने पुसली जात आहे. पिसांचा किंवा धाग्यांचा कोरडा झाडू फिरवण्याचा सल्लाही मला मान्य नाही, कारण तोही तेच कण रंगावर घासत नेतो.

म्हणून धूळ आधी भिजवावी. पंपात शाम्पूचे पाणी बाटलीवर दिलेल्या प्रमाणात भरून एका वेळी एकच भाग, उदाहरणार्थ फक्त पुढचा दरवाजा, पुरता ओला होईपर्यंत फवारावा आणि दोन-तीन मिनिटे हात न लावता थांबावे. हे थांबणेच जमत नाही. मलाही ही सवय लागायला वेळ लागला. पाणी वाळू लागले तर पुन्हा फवारावे. मळ सैल होऊन करड्या ओघळांनी खाली उतरताना दिसला की मगच फडके लावावे. एक बादली शाम्पूच्या पाण्याची असावी. त्यात भिजवलेल्या फडक्याची चौपदरी घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. टपापासून खाली, सरळ रेषेत, एकाच दिशेने आणि अजिबात दाब न देता एकदा फिरवावे आणि लगेच बाजू बदलावी. आठही बाजू मळल्या की ते फडके शाम्पूच्या बादलीत परत बुडवू नये. बाजूला ठेवून दुसरे घ्यावे. हाताखाली किरकिर जाणवली तर तिथेच थांबून पुन्हा फवारावे. दरवाजांची खालची कड सर्वांत शेवटी घ्यावी.

पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये, ओले फडके पाच मिनिटे वर ठेवले की ती सुटते. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलऐवजी थोडे खोबरेल तेल लावून पुसावे. चाकांसाठी दुसरी, साध्या पाण्याची बादली आणि वेगळे जुने फडके घ्यावे.

पाणी वाचवण्यासाठी आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडीला वापरा, असे हल्ली सगळीकडे सांगितले जाते. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते काचेवर आणि रंगावर वाळले की पांढरे डाग धरतात. बोअरच्या पाण्याचेही तेच होते. हे पाणी चाकांपुरतेच ठेवावे. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. आपल्या दमट हवेत ते रात्रभरात भरपूर साठते आणि काचांवरून शेवटचा हात फिरवायला त्याच्याइतके चांगले पाणी नाही. ते पिण्यासाठी मात्र वापरू नये.

कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावे. दोन्ही बादल्यांतले मळके पाणी पार्किंगच्या जाळीत किंवा झाडांना न ओतता घरच्या न्हाणीघराच्या मोरीत ओतावे. तिथून ते मलनिस्सारण वाहिनीने प्रक्रिया केंद्राकडे जाते. चाकांच्या पाण्यात ब्रेकची धातूमिश्रित पूड असल्यामुळे त्याबाबत हयगय करू नये. फडकी इतर कपड्यांबरोबर न धुता वेगळी धुवावीत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये, कारण त्याने धाग्यांची पाणी व धूळ धरून ठेवण्याची क्षमता कमी होते.