‘सांगली हळदीसाठी नोटोरियस आहे’

हे वाक्य मी मुलाखतीत बोललो. समोरचे तिघंही हसले. माझ्या वहीत ‘नोटोरियस’पुढे ‘प्रसिद्ध’ एवढंच लिहिलेलं. कुप्रसिद्धीतला ‘कु’ वहीत उतरलाच नव्हता! रोज चाळीस इंग्रजी शब्द घोकायचो. आठवड्यानं चारही आठवत नसत.

मग वही बंद केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापले आणि पेढ्यांच्या खोक्यात तीन कप्पे केले. रोज पाचच शब्द. आठवला तर पुढच्या कप्प्यात, विसरला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. घोकलेलं किती झपाट्यानं उडतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ सालीच दाखवून दिलंय. मला कळायला मुलाखत जावी लागली.

तुकड्यावर अर्थ नाही, वाक्य लिहायचं, तेही आपल्या गावचं. ‘इनंडेट’ म्हणजे पाण्याखाली घालणं. २०१९ च्या पुरात कृष्णेनं आमची पेठ केली तसं. त्याचं मूळ लॅटिन ‘उंडा’, म्हणजे लाट. गंमत म्हणजे ‘अबंडंट’ आणि ‘रिडंडंट’सुद्धा त्याच लाटेतले: एक भरभरून वाहणारा, दुसरा काठाबाहेर सांडलेला, म्हणून नकोसा. एका मुळावर तीन शब्द पदरात. (मुळं पाठ करत बसू नका मात्र, तो वेगळाच छंद होतो.)

सात महिन्यांत साडेसहाशे तुकडे तिसऱ्या कप्प्यात गेलेत. ‘नोटोरियस’चा तुकडा मी मुद्दाम पहिल्यातच ठेवलाय.