पोलॅरिमीटरवर साखरेचं रोटेशन कसं मोजावं

साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित (एकाच दिशेत कंपन करणाऱ्या) प्रकाशाच्या कंपनाची दिशा काही अंश फिरते. हे फिरणं म्हणजे रोटेशन, आणि ते मोजायचं उपकरण म्हणजे पोलॅरिमीटर. सोडियमचा दिवा आधी लावा. त्याचा पिवळा प्रकाश स्थिर व्हायला दहाएक मिनिटं लागतात. तोवर १० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून मेजरिंग फ्लास्कमध्ये १०० मिलीच्या खुणेपर्यंत आणा. १०० मिली पाणी मोजून त्यात साखर टाकायची नाही, त्याने आकारमान वाढतं. द्रावण गढूळ असेल तर गाळून घ्या.

२ डेसिमीटरच्या नळीत आधी नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरा आणि शून्याचं रीडिंग घ्या. बुडबुडा राहिलाच तर नळीच्या फुगीर भागात सरकवा. टोपी गळणार नाही इतपतच आवळा. जोर लावून पिळली तर टोकाच्या काचेवर ताण येतो आणि ती काच स्वतःच प्रकाशाच्या कंपनाची दिशा बिघडवते.

आता खरी मेख. आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) मधल्या रेषेने दोन अर्ध्या भागांत विभागलेलं वर्तुळ दिसतं, आणि अंशांची चकती फिरवली की त्या भागांचा उजेड बदलतो. बहुतेक जर्नलांत लिहिलेलं असतं: 'दोन्ही अर्धे भाग सारखे दिसले की रीडिंग घ्या.' हा सल्ला अर्धवट आहे. अर्धे भाग सारखे दिसण्याच्या जागा दोन असतात, एक उजळ आणि एक अंधुक. उजळ जागी चकती चार अंश फिरवली तरी डोळ्याला फरक कळत नाही, आणि मुलं तिथेच थांबतात, कारण तिथे छान लख्ख दिसतं. रीडिंग अंधुक जागीच घ्यायचं. ती ओळखायची खूण सोपी आहे: चकती किंचित इकडे केली की डावा भाग काळवंडतो, किंचित तिकडे केली की उजवा. ही झटपट अदलाबदल दिसत नसेल तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, पुढे लिहू नका.

आयपीस आधी मधल्या रेषेवर फोकस करा. खोलीत अंधार हवा. त्या जागी एकदा डावीकडून या, एकदा उजवीकडून, आणि असं तीन-चार वेळा करून सरासरी काढा. एकटक बघत राहिलं की डोळा थकून काहीही सारखंच भासू लागतं. मध्ये नजर काढा. शून्याचं रीडिंग घेतानाही हेच सगळं.

मग त्याच नळीत साखरेचं द्रावण भरून तसंच रीडिंग घ्या आणि त्यातून शून्याचं रीडिंग वजा करा. साखरेचं स्पेसिफिक रोटेशन (रोटेशन भागिले नळीची लांबी गुणिले तीव्रता) २० अंश सेल्सिअसला +६६.५ आहे, म्हणजे या द्रावणाला +१३.३ अंशांच्या आसपास यायला हवं. हिशेबात लांबी डेसिमीटरमध्ये आणि तीव्रता ग्रॅम प्रति मिलीमध्ये घाला. सेंटिमीटर घातले की उत्तर दहा पटीने गडगडतं. तापमान नोंदवाच. (साखर कारखान्यातल्या सॅकरीमीटरचे अंश वेगळे; २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलीत, तर तिथे १०० दिसतं. ते आकडे इथे लावू नका.)

अनोळखी पदार्थ असेल तर द्रावण निम्म्याने पातळ करून पुन्हा मोजा. +१३.३ आणि −१६६.७ चकतीवर एकाच जागी दिसतात. पातळ केल्यावर पहिल्याचं +६.६५ होतं, दुसऱ्याचं −८३.३५, म्हणजे चकतीवर +९६.६५.

ग्लुकोज मात्र ताजं मोजायचं नाही. अल्फा ग्लुकोजचं (ग्लुकोजच्या एका रूपाचं) स्पेसिफिक रोटेशन पाण्यात +११२ पासून हळूहळू घसरत +५२.७ वर थांबतं. रात्रभर ठेवा, किंवा अमोनियाचा एखादा थेंब टाका आणि रीडिंग हलायचं थांबेपर्यंत वाट बघा.