डेंग्यूच्या अळ्या मोजायला सांगलीच्या खणभागात निघालात तर

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या पोरांना मी पहिलं सांगते, नळाला पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नका. सांगलीत तेव्हा बायकांना मान वर करायला फुरसत नसते. दहानंतर जा, ‘कॉलेजकडून आलोय, दंड नाही’ हे आधी सांगा, मगच आत या.

गटारं बघत बसू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बॅरल, रांजण, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर. ट्रे कुणी स्वतःहून दाखवत नाही, मागावाच लागतो. पाण्याला धक्का लागला की अळ्या बुडी मारतात, म्हणून टॉर्च धरून मिनिटभर गप्प उभं राहा. पृष्ठभागाला तिरक्या लटकल्या तर एडिस किंवा क्युलेक्स डासाच्या, आडव्या पसरल्या तर अ‍ॅनोफेलिस डासाच्या.

कुलूपबंद घरं वेगळी लिहा, बेरजेत धरू नका. तपासलेल्या दर १०० घरांमागे अळ्या असलेली घरं म्हणजे हाउस इंडेक्स, अळ्या असलेली भांडी म्हणजे ब्रेटो इंडेक्स. माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त.

निघताना बॅरल नुसतं ओतायला नको, काठ घासायला सांगा. तिथं चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.