ईमेल कंपनी बदलली, डोमेन तेच. पण वेबसाइटच्या फॉर्मचे मेल येईनात

देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डर स्वतःच्या डोमेनच्या ईमेलवर येतात. ईमेल नव्या कंपनीकडे नेलं, वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर ठेवली. जीमेलवरून पाठवलेले मेल नीट यायचे. वेबसाइटच्या ऑर्डर फॉर्मचे मात्र गायब, एररसुद्धा नाही. ऐन हंगामात जीव टांगणीला लागला.

एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद) बरोबर होते. स्पॅम चाळला, फॉर्मचं प्लगइन बदललं, फरक शून्य.

खरं कारण असं: फॉर्मचे मेल वेबसाइटच्या जुन्या सर्व्हरवरूनच निघतात. तो सर्व्हर या डोमेनचा मेल अजून आपलाच समजतो आणि एमएक्स न बघता स्वतःकडेच ठेवून घेतो.

सीपॅनेलमध्ये (जुन्या होस्टिंगच्या सेटिंगचं पान) 'ईमेल राउटिंग' उघडा. तिथे 'लोकल मेल एक्सचेंजर' (मेल इथेच ठेव) असेल, त्याऐवजी 'रिमोट मेल एक्सचेंजर' (मेल बाहेरच्या सर्व्हरकडे पाठव) निवडून सेव्ह करा. मग जुन्या वेबमेलमध्ये जा. हरवलेल्या ऑर्डर तिथेच पडलेल्या असतात (आमच्या सगळ्या मिळाल्या!), त्या आयमॅपने (दोन्ही खाती एकाच मेल अ‍ॅपमध्ये जोडून) नव्या खात्यात हलवा. नंतर एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डोमेनला त्याची नोंद एकच हवी, दोन असल्या तर तपासणी नापास होते. म्हणून नवी कंपनी आणि वेबसाइटचा सर्व्हर दोन्ही एकाच ओळीत लिहा. नव्या कंपनीची डीकेआयएम नोंद (मेलवरची डिजिटल सही तपासायला लागते ती) टाका आणि फॉर्म भरून चाचणी घ्या. जुना मेलबॉक्स त्यानंतरच बंद करा.