लेटेकमधले डीफॉल्ट समास बदलताय? जुन्या फाइली मोडणाऱ्या या चुका टाळा

लेटेक या मजकूरजुळणीच्या प्रणालीत आर्टिकल क्लास (क्लास म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी फाइल) आणि 10 पॉइंटचा मजकूर घेतला की ओळीची रुंदी 345 पॉइंट येते, म्हणजे जेमतेम 121 मिलिमीटर. ए-फोर कागद 210 मिलिमीटरचा. दोन्ही बाजू मिळून जवळजवळ 9 सेंटिमीटर कोरे. मग कोणीतरी म्हणतंच, ‘एवढा कागद वाया का घालवायचा?’ आणि सगळ्यांच्या टेम्प्लेटमधले समास कमी करायचं काम टेम्प्लेट सांभाळणाऱ्याच्या गळ्यात पडतं. हे समास मुद्दाम रुंद ठेवलेत, एका ओळीत साठ-सत्तर रोमन अक्षरंच बसावीत म्हणून. पण तो वाद तूर्त बाजूला ठेवू.

बदल दोन ओळींचा असतो, गोची जुन्या फाइलींची असते. वर्डमध्ये समास फाइलीतच साठवलेले असतात. म्हणून वर्ड 2007 ने डावी-उजवीकडचा सव्वा इंच एक इंचावर आणला, तरी जुनी पत्रं होती तशीच उघडली. लेटेकच्या फाइलीत बहुतेकदा नुसतं क्लासचं नाव असतं, मापं क्लास ठरवतो. क्लास बदलला की जुना प्रबंधही नव्या मापात बसतो, ओळी भलतीकडे तुटतात, आणि कोणी ‘पृष्ठ 47’ असा दाखला दिला असेल तर तिथे दुसराच मजकूर येतो.

टेक लाइव्ह या लेटेकच्या तयार संचासोबत आलेल्या मूळ क्लास फाइलीत हात घालणं ही सगळ्यात ढोबळ चूक. पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो, आणि तोवर तीच फाइल शेजारच्या संगणकावर वेगळी दिसत राहते. प्रत काढा, तिला वेगळं नाव द्या, मग काय ते करा.

खरी डोकेदुखी जुन्या फाइलींतल्या बेरीज-वजाबाकीची. अरुंद ओळीला कंटाळून लोकांनी प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या सूचनांत, ‘ॲडटूलेंग्थ’ ही मापात भर घालणारी आज्ञा वापरून टेक्स्टविड्थमध्ये (ओळीच्या रुंदीत) 5 सेंटिमीटर वाढवलेले असतात आणि डावी कड अडीच सेंटिमीटर अलीकडे ओढलेली असते. जुन्या 121 मध्ये 50 मिळवले की 171, छान बसत होतं. आता तुम्ही क्लासमध्ये थेट 25 मिलिमीटर समास आणि 160 रुंदी ठेवलीत. त्यात ती जुनी बेरीज पडली की रुंदी 210 आणि डावा समास शून्य! मजकूर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि लॉगमध्ये ओव्हरफुलची (ओळ रुंदीबाहेर गेल्याची) एकही सूचना नाही, कारण लेटेकच्या मुळाशी असलेल्या टेकच्या हिशेबी ओळ तिच्या रुंदीत नीट बसलेली असते. कागद संपला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

म्हणून नवे समास क्लासच्या नावासोबत लिहायच्या एखाद्या ऑप्शनमागे ठेवा. फाइलीत तो ऑप्शन नसेल तर जुनीच मापं मिळाली पाहिजेत. नवी नमुना फाइल वाटताना त्यात तो ऑप्शन आधीच लिहून द्या, म्हणजे नव्या माणसाला आपोआप नवे समास मिळतात. कोमा-स्क्रिप्ट या क्लासांच्या संचात व्हर्जन नावाचा ऑप्शन याच कामाचा आहे, आणि लेटेकच्या गाभ्यासाठी 2015 पासून लेटेकरिलीज पॅकेज आहे: जुनी तारीख दिली की गाभा त्या तारखेसारखा वागतो. तुमच्या टेम्प्लेटला एवढा थाट नको, एक ऑप्शन पुरे.

समास ठरवणारं जिऑमेट्री पॅकेजही त्या ऑप्शनच्या आतच लोड करा. क्लासने ते सरसकट लोड केलं आणि जुन्या फाइलीत कोणी तेच पॅकेज स्वतःचे समास देऊन मागवलं असेल, तर ‘ऑप्शन क्लॅश’ ही चूक (एकाच पॅकेजला दोनदा वेगळे ऑप्शन) येऊन गाडी तिथेच अडते. समास दोन सेंटिमीटर मागणारी फाइल काल चालत होती, आज चालत नाही, आणि फोन तुम्हालाच येतो.

मापं हाताने देत असाल तर लक्षात ठेवा, टेक डावीकडून आणि वरून एक इंच सोडून मोजायला सुरुवात करतं. ऑडसाइडमार्जिन (डावीकडचं माप) एक इंच दिलंत तर समास दोन इंच होतो. तसंच आर्टिकल क्लास कागद न सांगितल्यास अमेरिकन लेटर धरतो, तर पीडीएफ बहुधा ए-फोर निघते. मजकूर तीनेक मिलिमीटर उजवीकडे सरकलेला आणि खाली जास्तच रिकामं, असं दिसलं तर समासांशी झगडण्याआधी क्लासला ए-फोर सांगा.

मराठी मजकुरात मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींमधलं अंतर वाढवलेलं असतं. मग पानाची उंची ओळींच्या पटीत राहत नाही आणि ‘अंडरफुल व्हीबॉक्स’चा, म्हणजे पान नीट भरत नसल्याच्या सूचनांचा, पाऊस पडू शकतो. जिऑमेट्रीचा ‘हाइटराउंडेड’ ऑप्शन द्या, तो उंची पूर्ण ओळींवर आणतो.

टेम्प्लेट वाटण्याआधी जुन्या पाच-सहा फाइली दोन्ही क्लासवर चालवा: एक प्रबंध, एक दोन स्तंभांचा लेख, एक कोष्टकांनी भरलेला अहवाल. आधी पानांची संख्या ताडा, मग दोन्ही पीडीएफमधला मजकूर काढून डिफ (फरक दाखवणारं साधन) लावा. ऑप्शन न दिलेल्या फाइलीत एका ओळीचाही फरक दिसला, तर टेम्प्लेट अजून वाटू नका.