राजगड ते तोरणा एका दिवसात: वेळ, पाणी आणि घसारा

ही चाल नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. पावसाळ्यात धारेवर ढग बसतो आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही. मार्चनंतर वाटेवर सावलीही नाही, पाणीही नाही.

आधी गाडीचं बघा. सुरुवात राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून आणि शेवट तोरण्याखालच्या वेल्ह्यात, म्हणजे गाडी गुंजवण्यात लावली तर संध्याकाळी थकलेल्या पायांनी जीप शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळीच गाडी वेल्ह्यात ठेवा आणि मार्गासनी-साखरमार्गे जीपने गुंजवण्यात मुक्कामाला या. गडावर मुक्कामाला सध्या परवानगी आहे का, ते गावात विचारून घ्या. नसेल तर पहाटे चारला निघा. चोर दरवाजाने पद्मावती माची दोन ते अडीच तासांत येते. वरचा कातळ अंधारात चढायचा असतो, त्यामुळे बॅटरी डोक्यावरचीच हवी. एक हात रेलिंगला, दुसरा मोकळा.

बालेकिल्ला या दिवशी सोडा. तो बघायला वेगळा दिवस काढावा, त्याची तेवढी लायकी आहे. पद्मावतीवरून थेट संजीवनी माची धरा. माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे, पाऊण-एक तास तिथेच जातो. अळू दरवाजातून बाहेर पडलात की खरी चाल सुरू होते.

बाहेर पडल्यावर पहिलाच उतार घसाऱ्याचा. मुरमावर वाळलेलं गवत आडवं पडलेलं असतं, बूट त्यावरून तेलावरून सटकावा तसा जातो. इथे बहुतेक जण घाबरून मागे रेलतात आणि म्हणूनच पडतात. मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि पाय पुढे निसटतो. गुडघे थोडे वाकवा, अंग पायांच्या बरोबर वर ठेवा, पाऊल वीतभरच टाका आणि पूर्ण तळवा टेकवा. फार तीव्र असेल तिथे आडवी पावलं टाकत उतरा. कारवीच्या झुडपाला धरून वजन टाकू नका, वाळलेली काठी मुळासकट हातात येते. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळून घ्या, नाहीतर बोटं पुढे आपटून संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापलेली बरी.

एक-दीड तासात खिंडीतला डांबरी रस्ता लागतो. उजवीकडे वेल्हे, डावीकडे भुतोंडे. लोक तोरण्याखालच्या शिडीची धास्ती घेतात, पण दिवसाचा निकाल लागतो तो इथे, कारण सोडून द्यायला सोयीची शेवटची जागा हीच. सकाळी दहापर्यंत इथे पोचलात आणि माणशी किमान अडीच लिटर पाणी शिल्लक असेल तर पुढे जा. अकरा वाजून गेले असतील, कुणाचा गुडघा बोलत असेल किंवा पाणी कमी असेल, तर उजवीकडे वळा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पुढे अजून सहा-सात तासांची चाल असते.

पाणी निघतानाच माणशी चार लिटर घ्या. धारेवर धनगरांची घरं लागतात, तिथे ताक किंवा सरबत मिळूही शकतं, पण त्या भरवशावर बाटली रिकामी ठेवू नका. नुसतं पाणीच पीत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, मग डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर द्रावण दाट होतं आणि पोट बिघडतं. दर पाऊण तासाला मूठभर काहीतरी खा: गूळ-शेंगदाणे, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. पिठलं-भाकरी मिळालीच तर अर्ध्या भाकरीवर थांबा, पुढे चढ उभा आहे.

खिंडीपासून तोरण्याच्या बुधला माचीच्या पायथ्याशी जायला तीन तास धरा. वाट जवळजवळ सरळ पश्चिमेकडे जाते, म्हणजे दुपारनंतर ऊन थेट तोंडावर. टोपी पुढे झाप असलेली हवी. चकवा देतात त्या ढोरवाटा. त्या मळलेल्या, सपाट, अगदी मोहात पाडणाऱ्या असतात आणि कारवीत किंवा ओढ्याच्या पात्रात नेऊन सोडतात. आपली वाट धार फारशी सोडत नाही. दहा मिनिटं सलग उतरताय आणि समोर कोरडा ओढा दिसला, तर चुकलात. तिथून नवी वाट काढू नका, आलात तसे मागे फिरा.

टाच किंवा करंगळी चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबा. मोजा काढा, पाय पुसून कोरडा करा, चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. फोड आल्यावर पट्टी लावून फारसा उपयोग नाही.

शेवटचा चढ आणि लोखंडी शिडी एकेकाने चढा. खाली उभं राहू नका, वरच्याच्या पायाखालून दगड सुटतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, सिगारेट, आरडाओरडा, तिन्ही वर्ज्य.

बुधल्यावरून कोकण दरवाजामार्गे मेंगाई मंदिर पाऊण तास. साडेचारला इथून निघायला हवं. बिनी दरवाजातून वेल्हे सुमारे ७०० मीटर खाली, दीड ते दोन तास. गुडघे याच उतारावर कुरकुरतात. काठी असेल तर चढापेक्षा वीतभर लांब करा आणि पाऊल टाकण्याआधी ती टेकवा. बॅटरी सॅकच्या तळाशी गेली असेल तर मेंगाईपाशीच वर काढून ठेवा.